घरातली थेरपी: स्वमग्न मुलं, त्यांचे पालक आणि गोव्याचा अनुभव

मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे, असं निदान झालं की घरात बहुतेकदा दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पहिली, दोष कुणाचा याची चर्चा: आई नोकरी करते, हातात मोबाइल दिला, घरात फार लाड झाले. दुसरी, थेरपीसाठीची धावपळ. स्पीच थेरपी शहराच्या एका टोकाला, ऑक्युपेशनल थेरपी दुसऱ्या टोकाला, आणि पाऊण तासाच्या सेशनसाठी तासन्‌तास प्रवास. लहान गावातल्या कुटुंबाच्या वाट्याला तर एवढंही येत नाही. या दोन्ही गोष्टींना उत्तर देऊ पाहणारा एक प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला. त्याचं मोल कळण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहू.

आईवरचा आरोप

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ही मुलं जन्मतःच अशी असतात, असं त्यांनी लिहिलं. त्यांच्या आईवडिलांमध्ये मायेचा ओलावा कमी दिसतो, असंही लिहिलं. लोकांनी धरून ठेवलं ते हे दुसरं वाक्य. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने तर थंड, कोरड्या आईचा सिद्धान्त घरोघरी पोचवला. किती आया या आरोपाखाली जन्मभर खंगल्या असतील!

त्याला पहिलं भक्कम उत्तर एका बापाने दिलं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नतेचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, संगोपनात नाही, हे त्यांनी १९६४ च्या पुस्तकात साधार मांडलं. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि आईवडिलांना उपचारातले सहकारी मानलं. १९७२ मध्ये त्यांचा ‘टीच’ हा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला.

१९८७ साली कॅलिफोर्नियातल्या इव्हार लोव्हास यांनी आठवड्याला ४० तासांच्या प्रशिक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हापासून थेरपी किती तास होते, याचा पालकांनी धसकाच घेतला. एवढे तास विकत घेणं आपल्याकडे फार थोड्यांना परवडतं. मग तासांचा हिशेब बाजूला ठेवून, आई आणि मूल एरवी एकमेकांशी कसं वागतात, यावरच काम केलं तर?

गोवा आणि रावळपिंडी

ब्रिटनमध्ये जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न १५२ लहान मुलांच्या अभ्यासात तपासला. २०१० मध्ये पहिले निष्कर्ष आले. पालकांचा प्रतिसाद चांगलाच सुधारला होता. स्वमग्नतेच्या लक्षणांवरचा परिणाम मात्र स्पष्ट नव्हता. सुमारे सहा वर्षांनी त्यांतल्या १२१ मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा उपचार मिळालेल्या गटात लक्षणांची तीव्रता कमी आढळली. पेरलेलं उशिरा उगवलं.

ब्रिटनमध्ये हे काम प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टनी केलं होतं. आपल्याकडे ते आणायचे कुठून? गोव्यात १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने ही पद्धत इथल्या कुटुंबांसाठी बेतून घेतली. डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या गोव्यातल्या पालकांशी बोलून त्यांच्या अडचणी आधीच नोंदवल्या होत्या. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांचा अभ्यास झाला. उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते. खास प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यकार्यकर्ते होते. सहा महिन्यांत १२ सत्रं, म्हणजे साधारण पंधरवड्याला एक. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त निष्कर्ष आले: मुलाच्या कलाने प्रतिसाद देण्याचं पालकांचं प्रमाण खूप वाढलं, आणि मुलं आपणहून पालकांशी संवाद सुरू करू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला. अभ्यास लहान होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

मुलाच्या कलाने

सत्रात घडतं काय? आई आणि मूल काही मिनिटं खेळतात, त्याचा व्हिडिओ काढला जातो आणि मग आई आणि कार्यकर्ती तो शेजारी बसून पाहतात. समजा, मुलगा खेळण्यातली गाडी उलटी करून चाक फिरवतोय. आई विचारते, “हा कुठला रंग? लाल. म्हण, लाल.” तो पाठ फिरवतो. कार्यकर्ती व्हिडिओ थांबवते. “ताई, इथे त्याचं लक्ष कशाकडे होतं?” आई पुन्हा पाहते. “चाकाकडे.” पुढच्या वेळी ती त्याच्यासमोर जमिनीवर बसते, गप्प राहते. चाक फिरलं की एवढंच म्हणते, “गरगर!” तो थबकतो, ओझरतं तिच्याकडे पाहतो. व्हिडिओत ती नजर पुन्हा पाहता येते. घाईच्या दिवसात ती कुणाच्या ध्यानातही आली नसती.

हेच अंघोळीच्या वेळीही जमतं. रोज “एक, दोन, तीन” म्हणून अंगावर पाणी ओतायचं. काही दिवसांनी “एक, दोन…” म्हणून तांब्या हातातच धरायचा आणि वाट पाहायची. मूल हात हलवेल, हुंकार देईल, बघेल. तो त्याचा ‘तीन’. त्यासाठी वेगळं टेबल, महागडी खेळणी काही लागत नाही. लागतो तो धीर, कारण आपल्या शिकवण्याच्या सवयीला वाट पाहणं जड जातं.

दिवाळीत तर हे समजून घ्यायलाच हवं. फटाक्यांचा आवाज, खरखरीत उटणं, नव्या कपड्याच्या मानेमागची टोचणारी पट्टी, एकामागून एक येणारे पाहुणे: अनेक स्वमग्न मुलांना यातलं एकेक असह्य होतं. दिवसाचा क्रम चित्रांनी आधी दाखवावा, पट्टी कापून टाकावी, एक खोली शांत ठेवावी. कानावर हात घेऊन ओरडणारं मूल हट्टी नसतं. त्याला त्रास होत असतो. आजीआजोबांना हे पटलं की आईचा अर्धा भार हलका होतो.

भार कुणावर?

या पद्धतीतही एक धोका आहे. ‘घरीच थेरपी’ म्हणत सगळं आईच्या गळ्यात टाकलं, तर जुना आरोप नव्या रूपात परत येईल: मूल बोललं नाही, म्हणजे आई कमी पडली. गोव्यातल्या प्रयोगात आईच्या पाठीशी सहा महिने कुणीतरी होतं, हे विसरून चालणार नाही. दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ मध्ये सुरू केलेली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ पालकांना मुलांसोबतच प्रशिक्षण देते. तिथे एक आई दुसरीला भेटते, ही सोबतही उपचाराइतकीच मोलाची आहे.

कायद्याची चौकट आपल्याकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यातून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला आधार मिळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. उणीव आहे ती उंबऱ्यापर्यंत येणाऱ्या माणसाची. आशाताई आणि अंगणवाडीसेविका गावोगाव आहेत, पण त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. म्हणून या कामासाठी वेगळे कार्यकर्ते नेमावेत, त्यांना योग्य मानधन आणि तज्ज्ञांचं मार्गदर्शन मिळावं. तज्ज्ञ नसलेली माणसंही हे काम करू शकतात, हे गोव्याने दाखवलं. महाराष्ट्राने ते निदान एका जिल्ह्यात सुरू करावं, आणि सुरू करताना बाबांनाही आईशेजारी जमिनीवर बसवावं.