‘ऑक्सिजन घ्या, कॅन्सर पळवा’ : फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा!

फॅमिली ग्रुपवर हा मेसेज तुम्हालाही आला असेल. ‘कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगूच शकत नाही. रोज दीर्घश्वास घ्या. या शोधाला नोबेल मिळालंय!’ खाली हात जोडलेला इमोजी. पुढे पाठवण्याआधी जरा थांबा.

ऑटो वारबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं, हे खरं. पण ते पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमवरच्या कामासाठी होतं, कॅन्सरच्या उपायासाठी नाही.

गाठीच्या आत काय चालतं?

रक्तवाहिनीतला ऑक्सिजन मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच झिरपतो. गाठ भराभर वाढते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात. त्यामुळे आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. यालाच ‘हायपॉक्सिया’ म्हणतात. काही पेशी मरतात. बाकीच्या मात्र जुळवून घेतात, आणि खरा धोका त्यांचाच असतो.

ऑक्सिजन कमी झाला की पेशीत ‘एचआयएफ’ नावाचं प्रथिन साठतं आणि अनेक जनुकं चालू करतं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

छोटे ब्रेक

इथे एंट्री होते मायक्रोआरएनएची. लांबी जेमतेम २२ अक्षरांची. हे स्वतः प्रथिन बनवत नाहीत. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतात आणि त्यापासून प्रथिन बनणं रोखतात. थोडक्यात, पेशीचे ब्रेक. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एक मिलिमीटरच्या कृमीत सापडला. त्यासाठी अॅम्ब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

हायपॉक्सियात ‘मिर-२१०’ हा मायक्रोआरएनए वाढतो. तो मायटोकाँड्रियाचं काम मंदावतो, म्हणजे पेशी कमी ऑक्सिजनवर भागवायला शिकते. २००७ मध्ये हायपॉक्सियात वाढणाऱ्या अशा मायक्रोआरएनएंची यादी मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या रितू कुलश्रेष्ठ. पुढे त्या आयआयटी दिल्लीत प्राध्यापक झाल्या.

आणखी एक गोष्ट. मायक्रोआरएनए कापून तयार करणाऱ्या ‘ड्रोशा’ आणि ‘डायसर’ या कात्र्याच हायपॉक्सियात कमी होतात, असं २०१४ च्या संशोधनात दिसलं. मग इतर ब्रेक सैल पडतात आणि गाठीला पसरायला वाव मिळतो.

मग दीर्घश्वास?

निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनने भरलेलं असतं. जोरात श्वास घेऊन त्यात फार भर पडत नाही. अडचण आहे ती गाठीच्या आतपर्यंत ऑक्सिजन पोचण्याची. अशा पेशी रेडिएशनलाही दाद देत नाहीत. त्यांना मारायला अडीच ते तीनपट डोस लागू शकतो.

प्राणायाम जरूर करा, मन शांत होतं. पण ‘केमो सोडा, श्वास घ्या’ असं कुणी सांगत असेल तर गप्प बसू नका. काका-मावशींना नीट समजावून सांगा : गाठीतल्या पेशी कमी ऑक्सिजनवर जगायला शिकलेल्या असतात. उपचार मध्येच थांबवले, तर त्यांना वाढायला वेळ मिळतो.