मान्यता कोणाची, हमी कशाची?

आंबा आपण हुंगून घेतो, सोने कसाला लावून घेतो. परदेशातील इंग्रजीच्या शाळेचे शुल्क मात्र आगाऊ भरावे लागते आणि शिकवणीचा दर्जा कळतो तो तेथे पोहोचल्यावर. विक्रेत्याला सर्व ठाऊक आणि ग्राहक अंधारात, अशा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. यावर उतारा एकच : त्रयस्थाने तपासून दिलेली मान्यता.

परंतु 'मान्यताप्राप्त' हा शब्दही फसवा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने आणलेल्या माहितीपत्रकावर तीन सोनेरी मुद्रा होत्या. पहिली कंपनीच्या नोंदणीची, दुसरी व्यापारी संघाच्या सभासदत्वाची, तिसरी निव्वळ शोभेची. वर्गात शिरून अध्यापन पाहिलेल्या तपासनिसाची त्यांत एकही नव्हती.

म्हणून पहिला प्रश्न, मान्यता कोणाची? ब्रिटनमध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या योजनेत अध्यापन, व्यवस्थापन आणि विद्यार्थ्यांची देखभाल यांची तपासणी होते व निष्कर्ष प्रसिद्ध केले जातात. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्याने, विद्यार्थी-व्हिसावर येणाऱ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या संस्थांवर शिक्षणखात्याने मानलेल्या मंडळाची मान्यता घेण्याचे बंधन आले. शाळेच्या पत्रकावर विसंबू नये. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत शाळेचे नाव स्वतः शोधावे.

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा : शाळाच बुडाली तर? आयर्लंडमध्ये २०१४-१५ साली अनेक खासगी शाळा एकाएकी बंद पडल्या आणि शुल्क भरून बसलेले हजारो विदेशी विद्यार्थी अक्षरशः उघड्यावर आले. ऑस्ट्रेलियात मात्र २०१२ पासून शुल्क-संरक्षणाची व्यवस्था आहे. तीनुसार शाळा बंद पडल्यास विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश मिळवून देण्यात येतो किंवा न झालेल्या शिक्षणाचे शुल्क परत मिळते. अशी तरतूद आहे काय, हे पैसे पाठविण्यापूर्वीच लेखी विचारावे.

मार्गदर्शन 'विनामूल्य' करणाऱ्या दलालाला बहुधा शाळेकडूनच कमिशन मिळते, हेही विसरू नये. तो लबाडच असेल असे नव्हे. परंतु त्याचा सल्ला हा विक्रेत्याचा सल्ला आहे.

मान्यता म्हणजे उत्तमतेची ग्वाही नव्हे; ती किमान दर्जाची रेषा आहे. त्या रेषेच्या वर निवड रुचीने करावी, खाली मात्र पाऊल टाकू नये. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून मुलाला धाडणाऱ्या कारकुनाला दुसरी संधी क्वचितच मिळते.