दोन जिवांचे जेवण आणि वारेची भूक

सुनेला दिवस गेले, की घरात ‘आता दोन जिवांचं जेव’ असा आग्रह सुरू होतो. पण त्या ताटावर आणखी एक हक्कदार असते. ती म्हणजे वार. बाळ जन्मल्यावर तिच्याकडे कोणी पाहतही नाही. दिवस भरतात तेव्हा तिचे वजन जेमतेम अर्धा किलो असते. परंतु गर्भाशयाकडे येणाऱ्या ग्लुकोज व ऑक्सिजनचा मोठा वाटा ती स्वतःच वापरते. बाळाला अन्न पोहोचविणे, संप्रेरके तयार करणे, ही कामे इंधनाशिवाय होत नाहीत.

हे इंधन कामी लावतात ती एन्झाइम्स, म्हणजेच विकरे. वारेतील विकरे ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवितात. तेही वाया जात नाही, बाळ त्यातले काही इंधन म्हणून वापरते.

मात्र अनेक विकरांना जोडीला जीवनसत्त्व लागते. शेगडीत कोळसा भरला तरी काडी हवीच ना! बी-१२ हे असे जीवनसत्त्व असून मानवी शरीरात दोनच विकरांना त्याची गरज असते. पहिले फॉलिक आम्लाच्या साथीने नव्या पेशींसाठी लागणारा माल पुरविते. दुसरे पेशीच्या वीजघरात बसून काही मेदाम्ले व प्रथिनांचे तुकडे ऊर्जेच्या चक्रात ढकलते. बी-१२ कमी पडले, की हे दुसरे काम अर्ध्यावर अडते आणि मेथिलमॅलॉनिक नावाचे आम्ल रक्तात साचू लागते.

हे आपल्याकडे किती घडते, ते पुण्यातच दिसून आले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या ६ खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि बाळांचे २.७ किलोच्या आसपास होते. शेतात राबणाऱ्या या बायका. त्यांनी एकूण किती उष्मांक खाल्ले, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध आढळला नाही; पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेणाऱ्यांची बाळे मात्र मोठी होती. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

पुढे २००८ साली आलेले निष्कर्ष अधिक विचार करायला लावतात. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते आणि ९० टक्के मातांच्या रक्तात ते मेथिलमॅलॉनिक आम्ल वाढलेले होते. तपासणी मातेच्या रक्ताची होती, वारेची नव्हे. तरी विकराचे काम अडल्याची खूण स्पष्टच आहे. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांचे शरीर ६ व्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मधुमेहाची वाट तिकडूनच जाते.

म्हणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या मुळीच बंद करू नयेत. बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूच्या घडणीसाठी त्या आवश्यकच आहेत. प्रश्न बी-१२ चा आहे, आणि ते पालेभाजीत, डाळीत वा भाकरीत नसते. ते मिळते दूध, दही, ताक, अंडी, मासे व मटणातून. शाकाहारी गर्भवतीने, शक्यतो दिवस राहण्यापूर्वीच, डॉक्टरांना विचारून बी-१२ ची तपासणी करून घ्यावी व गरज असल्यास गोळी घ्यावी. रोजच्या जेवणात वाटीभर दही आणि पेलाभर दूध असावे. चहातले चमचाभर दूध त्यात धरू नये.