कंडम रिव्हॉल्व्हरचं वय

पोलिसांच्या कंडम झालेल्या रिव्हॉल्व्हरचं वय काढायचं म्हटलं की जाणकार आधी त्यावरचे ठसे वाचतो. ते वाचायलाच हवेत, पण ठसे अर्धीच हकीकत सांगतात. ब्रिटिश अमदानीतल्या शस्त्रागारांत वेब्ली आणि एन्फिल्ड ही दोन नावं ठरलेली. दोन्ही मधोमध मोडून भरायची, सहा गोळ्यांची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अनेक वेब्लींवर ‘वॉर फिनिश’ असं कोरलेलं असतं. तेवढ्यावरून दशक कळतं. एन्फिल्डचं तसं नाही. हे .३८ चं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्करात १९३२ साली रुजू झालं. रणगाड्यात चढता-उतरता कपडे अडकतात म्हणून १९३८ मध्ये घोड्याचं अंगठ्याने ओढायचं टोक काढून टाकलं, आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या नगांनाही तोच बिनटोकाचा घोडा बसवला. म्हणजे १९३५ चं हत्यार आज १९४० चं दिसू शकतं! चक्री एका नगाची आणि नळी दुसऱ्याची, असंही होतं. म्हणून सांगाडा, नळी आणि चक्री या तिन्हींवरचे क्रमांक पडताळल्याशिवाय वयाबद्दल काही बोलूच नये.

तिन्ही क्रमांक जुळले तरी हत्यार कारखान्यातून निघालं एवढंच कळतं. पुढे ते कुणाच्या कमरेला होतं, हे फक्त कागद सांगतो. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मध्य प्रदेशातच सापडला, जरी ते हत्यार रिव्हॉल्व्हर नव्हे, पिस्तूल होतं. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात राजगुरू आणि भगतसिंग यांनी पोलिस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल पुढे फिल्लौरच्या पोलिस प्रशिक्षण केंद्रात गेलं आणि तिथून १९६९ मध्ये इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत. तिथल्या संग्रहालयात ते काळ्या रंगाखाली अनामिक पडून होतं. रंग खरवडला, १६८८९६ हा आकडा दिसला आणि खटल्याच्या कागदांतल्या आकड्याशी जुळला. त्या खटल्याचे कागद जपले नसते, तर हा आकडा मुकाच राहिला असता.

काहींचं म्हणणं असं की जुनी हत्यारं वितळवलेलीच बरी, चुकीच्या हाती पडायला नकोत. हा आक्षेप रास्त आहे आणि मला तो मान्य आहे. पण भट्टीत हत्यार जातं, त्याबरोबर त्याची नोंद जायचं काही कारण नाही. वितळवण्याआधी तिन्ही क्रमांक, ठशांचे फोटो आणि वाटपाच्या वहीतलं पान एवढं जपायला फारसा खर्च येत नाही.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याजवळच्या सावरगावच्या पट्ट्यात नोंदी जपण्याची ही निकड जास्त आहे. पांढुर्णा आणि सौंसर जुन्या मध्य प्रांतात छिंदवाडा जिल्ह्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा भाग भोपाळकडे राहिला. त्यामुळे इथल्या जुन्या हत्याराचा माग सीमेच्या दोन्ही बाजूंना काढावा लागतो. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. जिल्हा फुटला की दप्तरंही फुटतात. छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला येणाऱ्या गठ्ठ्यांत हत्यारांच्या जुन्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालण्याआधी कुणीतरी उघडून पाहाव्यात.