गावाच्या आरोग्याचा निधी : येथे शिल्लक म्हणजे तोटा

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांची घरे विखुरलेली आहेत. कोणी आठवडी बाजारात कापड मांडतो, कोणी शिलाईचे मशीन चालवतो, कोणी गाद्या भरतो, कोणी बांगड्या विकतो. या सर्वांचा धंदा अंगमेहनतीचा. माणूस आठ दिवस खाटेवर पडला की गल्ला बंद. दोन महिने पडला की भांडवलच दवाखान्यात जाते. उधारी थकते ती बहुधा नियत बिघडल्यामुळे नव्हे, तर घरात आजार शिरल्यामुळे. कापडाच्या धंद्यात आम्ही तरी हेच पाहिले.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात भोकरदन तालुक्यातील एका गावी आम्ही वसुलीसाठी गेलो होतो. टँकरचे पाणी विहिरीत सोडले जात होते आणि तेच लोक पीत होते. गावात जुलाब-उलट्यांची साथ होती. आमच्या गिऱ्हाईकांपैकी एका शिंप्याने दोन मुलांना तालुक्याला नेण्यासाठी जीप केली आणि भाड्यासाठी शिलाईचे मशीन गहाण टाकले. आम्ही वसुली न मागताच परतलो. पुढे कळले की, त्याच दिवसांत गावच्या आरोग्य समितीच्या खात्यात पैसे पडून होते. ते कोणी खाल्ले नव्हते. कोणी मागितलेच नव्हते!

हा निधी कोणता?

केंद्र सरकारने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले. २०१३ पासून ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा भाग आहे. या अभियानात गावाच्या आरोग्य समितीला वर्षाकाठी अबंधित निधी देण्याची तरतूद झाली. अबंधित म्हणजे ज्याचा खर्च वरून ठरवून दिलेला नाही, गावाने आपली गरज पाहून करायचा आहे. मूळ नियमात १,५०० लोकवस्तीपर्यंतच्या गावाला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम धरली होती. आपल्या गावाला कोणत्या वर्षी प्रत्यक्षात किती आले, हे समितीच्या पासबुकात पाहावे.

महाराष्ट्रात या समितीचे नाव ‘ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती’ असे लांबलचक आहे. तीत ग्रामपंचायतीचे सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, बचत गटाच्या बाया आणि सामान्य गावकरी असतात. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, गावातील दुर्बल घटकांना जागा मिळावी आणि बैठक दर महिन्याला व्हावी. खाते बँकेत असते व पैसे दोघांच्या सहीने निघतात.

कशावर खर्च चालतो?

पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, साफसफाईची मोहीम, डासांचा बंदोबस्त, शाळेतील आरोग्य तपासणी, अंगणवाडीतील पोषणाचे काम, घरोघरची पाहणी या बाबी यात बसतात. मुख्य अट ही की, लाभ एकापेक्षा अधिक घरांना व्हावा. मात्र निराधार स्त्री किंवा अत्यंत गरीब कुटुंब असेल, तर त्यांच्या औषधोपचारासाठीही अपवाद म्हणून पैसे देता येतात. आमच्या त्या शिंप्याचे मशीन कदाचित याच कलमाने वाचले असते. त्याआधी विहिरीत वेळेवर टीसीएल पावडर पडली असती, तर जीपची गरजच लागली नसती.

आणखी एक तरतूद आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावी. हा निधी फिरते भांडवल म्हणूनही ठेवता येतो, असे मूळ नियमात आहे. अडीअडचणीला घराने त्यातून रक्कम उचलायची आणि हप्त्याने परत करायची. ज्याला आपण कर्जे हसना म्हणतो, त्याच जातीची ही सोय आहे. अर्थात परतफेड चोख नसेल, तर दुसऱ्या वर्षी पेटी रिकामी होईल.

ज्या कामासाठी ग्रामपंचायतीकडे किंवा दुसऱ्या खात्याकडे वेगळा पैसा आहे, त्यावर हा निधी खर्चू नये. उदाहरणार्थ, क्षयरोग्याच्या आहारासाठी निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. तीत प्रथम महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या पिंजारी बांधवांना खोकल्याची सवय झालेली असते. ‘धंद्याचा खोकला आहे’ म्हणून ते अंगावर काढतात. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यांना तेथे पाठवावे. समितीचा पैसा त्यासाठी लागत नाही.

शिल्लकीचा हिशेब

दुकानात वर्षाअखेर शिल्लक राहिली तर आपण शुक्र अदा करतो. या खात्याचा हिशेब उलटा आहे. नवी रक्कम देताना आधीची शिल्लक पाहिली जाते आणि खर्च झालेली तूटच भरून दिली जाते. समजा, १०,००० पैकी ४,००० खर्च झाले, तर ६,००० शिल्लक धरून पुढे ४,००० च येतील. म्हणजे जे गाव स्वस्थ बसते, त्याच्या वाट्याला कमी येते. मात्र मार्चअखेर खोट्या पावत्यांनी खाते रिकामे करणे हा त्यावर इलाज नव्हे. हा पैसा अमानत आहे. बारा महिन्यांची गरज आधी मांडून ठेवावी.

आपले पैसे घालता येतील काय?

येतील. गावाने लोकवर्गणी काढून या निधीत भर घालावी, अशी मोकळीक नियमातच आहे. मात्र जकातीची रक्कम यात टाकू नये. हनफी उलेमांच्या मते जकात हकदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे, म्हणून गटार किंवा विहिरीच्या कामाला ती चालत नाही. नफली सदका व लिल्लाह रक्कम चालू शकते. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पाणी पाजणे हा मोठा सवाब आहे आणि गावची विहीर कोणाची जात-जमात विचारत नाही.

आता करावयाचे काय?

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी लागते. आपल्या घरातील बायकांना तेथे जाऊ द्यावे. पाणी त्या भरतात, आजारी मूल त्या सांभाळतात; गरज त्यांना ठाऊक आहे. सभेत तीन प्रश्न विचारावेत : समितीत कोण आहेत? खात्यात किती आहेत? गेल्या वर्षी कशावर खर्च झाला? उत्तर टाळले गेले, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करता येतो. पण आधी गोडीने विचारावे. अंगणवाडीची बाई आणि आशा याही गावच्याच लेकी-सुना आहेत, आणि हिशेब लिहिण्याचे ओझे बहुधा त्यांच्याच डोक्यावर असते.

आपण व्यापारी मंडळी जमाखर्च वाचू शकतो. ही विद्या गावाच्या कामी लावावी, हीदेखील एक खैरातच आहे. अल्लाह आम्हा सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.