आवाज कसा चालतो?

पानशेतच्या तलावाच्या काठी सकाळच्या वेळी उभे राहा. पलीकडच्या काठावर कोणी लाकूड फोडत असेल, तर नीट पाहा. कुऱ्हाड खाली येते, लाकडात बसते. ती पुन्हा वर जाऊ लागते, आणि मग 'खट्' असा आवाज आपल्या कानी पडतो. घाव आधी दिसला, आवाज मागून आला. असे का?

हा प्रश्न आमच्या वर्गात एका मावशींनी काढला. त्या म्हणाल्या, "पल्याड बाई धुणं आपटते, अन् तिचा हात वर गेला की आवाज येतो. मला वाटलं, माझे डोळे बिघडले का कान!" मावशी, तुमचे दोन्ही ठीक आहे. आवाजाला चालत यायला वेळ लागतो.

आधी आवाज म्हणजे काय ते पाहू. देवळातील घंटा वाजवा आणि तिला हलकेच बोट लावा. बोटाला झिणझिण्या येतात, कारण घंटा थरथरत असते. आता ती हाताने घट्ट धरा. थरथर थांबली, की आवाजही थांबला. ढोलाच्या कातड्यावर नाचणीचे चार दाणे टाकून ढोल वाजवा, दाणे नाचू लागतील. गळ्यावर हात ठेवून बोला, तेथेही थरथर लागेल. जेथे आवाज, तेथे थरथर.

ही थरथर कानापर्यंत कोण आणते? हवा आणते. जत्रेत दाटी झाली, की मागचा माणूस पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला ढकलतो. धक्का थेट देवळाच्या दारापर्यंत जातो. पण मागचा माणूस काही दारापर्यंत जात नाही, तो आपल्या जागीच असतो. हवेचेही तसेच आहे. घंटेजवळची हवा तिच्या पुढच्या हवेला धक्का देते. असे करत धक्का आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो. चंद्रावर हवा नाही. तेथे कोणी ढोल बडवला, तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही.

हवेतून आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर जायला त्याला तीन सेकंद लागतात. आपला जुना कोस धरला, तर नऊ-दहा सेकंद. उजेड मात्र सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो. त्याच्यापुढे आवाज म्हणजे बैलगाडीच! घन वस्तूतून मात्र आवाज हवेपेक्षा चांगला जातो. लांब वाशाच्या एका टोकाला कान लावा आणि दुसऱ्या टोकाला पोराला नखाने खरवडायला सांगा. एरवी न ऐकू येणारी खरखर स्पष्ट ऐकू येईल.

हा हिशेब जीव वाचवायला उपयोगी पडतो. वीज चमकली, की मोजायला लागा: एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत जेवढे सेकंद झाले, त्याला तिनाने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. नऊ सेकंद झाले, तर तीन किलोमीटर. हे अंतर थोडे आहे बरं! पुढची वीज आपल्या शेतात पडू शकते. खरे तर गडगडाट ऐकू आला, की आपण विजेच्या टप्प्यात आहोत असेच समजावे. झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास बाहेर पडू नये.

आता कोणी म्हणेल, "आवाज एवढा पळतो, तर लांबची खबर आवाजानेच द्यावी की!" ते सगळीकडे जमत नाही. आपल्या पानशेतच्या तलावाला तानाजीसागर म्हणतात. त्या तानाजीची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. १६७० साली सिंहगड घेतल्यावर मावळ्यांनी गडावर जाळ केला आणि तो राजगडावरून दिसला, असे परंपरेने सांगतात. मधले अंतर सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर आहे. तेवढ्या लांब माणसाची हाक पोहोचत नाही. पोळी लाटत जावी तशी ती पातळ होते. आवाज चहूकडे पसरतो, म्हणून दुप्पट अंतरावर त्याचा जोर चौथाई उरतो. वाटेत डोंगर आला, तर आणखी कमी.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले. तेव्हा त्याचे काम पुरते झालेले नव्हते. पाण्याच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचा पूर पुण्यात शिरला. पानशेत ते पुणे सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे. आवाजाला ही वाट दीड मिनिटाची. पाण्याला कितीतरी जास्त वेळ लागला. पण धरण फुटल्याचा आवाज वाटेतच विरतो, तो पुण्याला कसा सावध करणार? आवाज लवकर निघतो, पण लांब टिकत नाही.

पुढे धरण पुन्हा बांधले गेले. आज अनेक धरणांवर पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात. तो सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही. वारा भोंग्याकडून आपल्याकडे वाहत असेल, तर आवाज चांगला येतो, उलटा असेल तर कमी येतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड असते आणि वरची ऊबदार. तेव्हा वर जाणारा आवाज वाकून खाली येतो. म्हणून रात्री लांबचे भजनही ऐकू येते. मुसळधार पावसात मात्र पत्र्याचा ताडताड आवाज कानाशी असतो आणि भोंगा दूर असतो. जवळचा आवाज दूरच्याला झाकून टाकतो. भोंगा ऐकू आला नाही, म्हणजे तो वाजलाच नाही, असे नव्हे. पाणी सुटणार असल्याचे कळले असेल, त्या रात्री नदीकाठच्या घरात एकाने जागे राहावे, आणि मधूनमधून दार उघडून बाहेर कान द्यावा.