एककांसकट हिशेब

वसमत तालुक्यातल्या हळदीच्या एका रानाला पाणी द्यायचं आहे. गावात रान ‘अडीच एकर’ म्हणून ओळखलं जातं, सातबाऱ्यावर तेच हेक्टर-आरमध्ये असतं. मोटर हॉर्सपॉवरची, पाणी लिटरमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वीजबिल युनिटमध्ये. साध्या कॅल्क्युलेटरला यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. गुणाकार तो चुकवत नाही. चूक होते ती १०,००० ने गुणायचं की भागायचं, हे ठरवताना, आणि ते आपल्याला ठरवावं लागतं.

यावर उपाय म्हणजे एकक समजणारी हिशेबाची शीट. ‘मॅथकॅड’ हे सॉफ्टवेअर १९८६ साली आलं, तेव्हापासून अभियंते अशी शीट वापरतात. ‘एसमॅथ स्टुडिओ’ हे त्याच धाटणीचं असून वैयक्तिक वापराला मोफत आहे. पान कोरं असतं. वहीत लिहावं तसं कुठेही लिहा; हिशेब वरून खाली होत जातो. अपूर्णविरामाची कळ (:) दाबली की नावाला किंमत देता येते, बरोबर (=) दाबलं की उत्तर मिळतं. एसमॅथमध्ये एककाआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं, म्हणजे हे चलाचं नाव नसून माप आहे, हे शीटला कळतं.

आता हिशेब मांडू. पुढची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली आहेत.

गुंठा := ३३ फूट × ३३ फूट
एकर := ४० × गुंठा
क्षेत्र := २ × एकर + २० × गुंठा

‘क्षेत्र =’ विचारलं की १०,११७ चौरस मीटर येतात. उत्तराशेजारी एक रिकामी जागा असते. तिथे हेक्टर लिहिलं की तेच १.०१ होतं. सातबाऱ्याच्या भाषेत १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर. सूत्र बदललं नाही, फक्त उत्तराचं माप बदललं.

पुढच्या ओळी:

पाणी := क्षेत्र × ५ मिमी
वेळ := पाणी ÷ (४ लिटर प्रति सेकंद)
वीज := ५ हॉर्सपॉवर × वेळ

पाणी ५०,५८६ लिटर, वेळ साधारण ३ तास ३१ मिनिटं, वीज सुमारे १३.१ किलोवॅट-तास, म्हणजेच बिलावरची १३.१ युनिट. मोटरची कार्यक्षमता यात धरलेली नाही, त्यामुळे मीटर याहून जास्त फिरेल. ५ च्या जागी ८ मिमी लिहा, खालच्या सगळ्या ओळी आपोआप बदलतात.

शीटची खरी किंमत ती अडून बसते तेव्हा कळते. गुणाकाराऐवजी चुकून ‘क्षेत्र + ५ मिमी’ लिहिलं, तर उत्तर येत नाही. ओळीभोवती लाल चौकट येते आणि एककं जुळत नाहीत, असा संदेश दिसतो. क्षेत्रफळात लांबी मिळवता येत नाही. साध्या कॅल्क्युलेटरने इथे बिनदिक्कत १०,१२२ दाखवले असते.

हीच शीट वसमतच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या टोकाच्या मापालाही पुरते. औंढा नागनाथजवळ लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या उभारणीसाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. लहरीमुळे लांबीत १०⁻²¹ पट फरक पडला, तर ‘४ किमी × १०⁻²¹’ या ओळीचं उत्तर ४×१०⁻¹⁸ मीटर येतं, प्रोटॉनच्या व्यासाच्या जवळपास चारशेवा भाग. किलोमीटरवरून मीटरवर येताना शून्यं मोजत बसावं लागत नाही.

मात्र शीट सगळ्याच चुका पकडत नाही. ‘२ एकर २० गुंठे’ कुणी २.२० एकर असं लिहिलं, तर एकक बरोबरच आहे. पण खरं क्षेत्र २.५ एकर आहे, आणि १२ गुंठ्यांना पाणी कमी पडेल. हॉर्सपॉवरही दोन आहेत, ७४५.७ वॉटचा आणि मेट्रिक ७३५.५ वॉटचा; आपल्या शीटमधला कोणता, ते आधी पाहून घ्यावं. बिघा तर प्रांतागणिक बदलतो, तो स्वतःच परिभाषित केलेला बरा.

म्हणून एक ठोकताळा तोंडपाठ असावा: १ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १०,००० लिटर. आपलं रान हेक्टरभराचं, पाणी ५ मिमी, तेव्हा उत्तर ५०,००० च्या आसपास यायला हवं. शीट ५०,५८६ म्हणते. आता मोटर सुरू करायला हरकत नाही.